चाळणीत राहिलं ते सगळंच खडा नसतं

भाकरी थापता थापता, कापूस वेचता वेचता, नाहीतर गटाच्या बैठकीत मोबाईलचा रेडिओ मधे ठेवून ऐकणाऱ्या सगळ्या ताया, काकू, मावश्या आणि नुकतेच दिवस गेलेल्या लेकी-सुना, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

आज मी एका रक्ताच्या तपासणीबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. बीए झाले आणि गेली नऊ वर्षं बचत गटांची समन्वयक म्हणून फिरते. वह्या बघायच्या, हिशेब जुळवायचा, बँकेचं काम करून द्यायचं, हे माझं काम. पण गटाची कर्जवही मोठी बोलकी असते. बियाणं, लग्न, शाळेची फी, आजारपण, घराघरातलं सगळं तिच्यात येतं. आजची गोष्टही अशाच वहीतून आली आहे. आणि तिची सुरुवात माझ्या एका चुकीपासून होते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका गावात गटातल्या एका मुलीनं कर्ज मागितलं. वय चोवीस, पहिलंच बाळंतपण, चौथा महिना लागत होता. कर्जाच्या कारणासमोर तिनं "आजारपण" लिहायला सांगितलं. सासू शेजारीच बसली होती. मी काही विचारलं नाही. पैसे दिले, सही घेतली. दोन महिन्यांनी ती बैठकीत आली तेव्हा पोट नव्हतं. मग हळूहळू कळलं. तालुक्याला खाजगीत रक्त तपासलं होतं, डबल मार्कर की काय म्हणतात ते. कागदावर लाल अक्षरात "हाय रिस्क" आलं, पुढे आकडा होता, २१० ला १. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला, बाळ मतिमंद आहे. आठ दिवसांत पिशवी रिकामी करून आणली. दुसरी तपासणी कुणी केली नाही. करायची असते हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि मलाही माहीत नव्हतं.

मैत्रिणींनो, २१० ला १ याचा अर्थ नीट ऐका. असा आकडा आलेल्या २१० बायका एका ओळीत उभ्या केल्या, तर त्यातल्या एकीच्या बाळाला तो त्रास असतो. २०९ जणींच्या बाळांना नसतो. हे मला पुढे आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, तेव्हा माझे हातपाय गार पडले. त्या मुलीचं बाळ कसं होतं, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. तिला ते आजही झोपू देत नाही. तेव्हापासून मी ही माहिती गोळा करायला लागले.

आता ही तपासणी कसली, ते आधी बघू.

आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात. एकूण ४६, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक बापाकडून. कधीकधी बीज तयार होतानाच वाटणीत गडबड होते आणि एखाद्या जोडीत दोनाऐवजी तीन गुणसूत्रं येतात. २१ नंबरची तीन आली तर त्याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. १८ नंबरची किंवा १३ नंबरची तीन आली तर त्रास फार मोठा असतो. त्यातली बहुतेक बाळं पोटातच, नाहीतर जन्मल्यावर वर्षाच्या आत जातात.

इथे एक गोष्ट मी ठासून सांगते. हे बहुतेक वेळा आपोआप, योगायोगानं होतं. ग्रहणात विळी हातात धरली म्हणून होत नाही. पपई खाल्ली म्हणून होत नाही. कुणाच्या नजरेनं, कुणाच्या पापानं होत नाही. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते, एवढं मात्र खरं. पंचविशीत साधारण हजार-बाराशे बाळंतपणांत एक, पस्तिशीत साडेतीनशेच्या आसपास एक, चाळिशीत शंभरात एक. पण आपल्याकडे बहुतेक बाळंतपणं कमी वयातच होतात. त्यामुळे कमी वयाच्या आयांच्या पोटीही अशी बाळं येतातच. "मी तर लहान आहे, मला काय होतंय" असं म्हणून चालत नाही, आणि वय जास्त म्हणून धास्ती घेऊनही चालत नाही.

पोटातल्या बाळाला असं काही आहे का, हे बघायच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली चाळणीची, दुसरी निवडायची.

आपण गहू करतो तेव्हा काय करतो? आधी चाळतो. बारीक दाणे, माती खाली जाते, जाड ते वर राहतं. पण वर राहिलेलं सगळं खडेच असतं का? नाही. त्यात टपोरा गहू असतो, काडी असते, एखादा खडाही असतो. म्हणून आपण ते ताटात घेऊन बसतो आणि एकेक दाणा निवडतो. चाळणीत राहिलं म्हणून कुणी मूठभर गहू उकिरड्यावर टाकत नाही. डॉक्टरही या पहिल्या तपासणीला चाळणी चाचणीच म्हणतात.

चाळण्या दोन प्रकारच्या आहेत. जुनी चाळणी म्हणजे डबल मार्कर. ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान आईचं रक्त घेतात, आणि त्याच वेळी सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागची जागा मोजतात. दोन्ही मिळून आकडा काढतात. बऱ्याच प्रयोगशाळा २५० ला १ ही रेघ धरतात. त्याच्या वर गेलं की "हाय रिस्क" छापून येतं. ही चाळणी स्वस्त आहे, पण तिची भोकं जरा ओबडधोबड. शंभर बायका तपासल्या तर साधारण पाच जणींना उगाच धाक लागतो. शेवटच्या पाळीची तारीख चुकीची सांगितली, तरी आकडा चुकू शकतो. म्हणून पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची सवय लेकी-सुनांना लावा.

नवी चाळणी म्हणजे एनआयपीटी. पोटात सुई न टोचता, फक्त आईच्या दंडातून रक्त घेऊन करायची तपासणी. बाळाच्या वारेतले डीएनएचे अगदी बारीक तुकडे आईच्या रक्तात मिसळत असतात. डेनिस लो नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सोबत्यांनी हे १९९७ साली दाखवून दिलं. पुढे हे तुकडे मोजायची यंत्रं आली आणि २०११ पासून ही तपासणी दवाखान्यांत मिळू लागली. दहा आठवडे पूर्ण झाल्यावर ती करता येते. २१ नंबरचे तुकडे नेहमीपेक्षा जास्त आहेत का, हे प्रयोगशाळा मोजते. डाऊन सिंड्रोम असलेल्या शंभर बाळांपैकी साधारण नव्याण्णव तिच्यात सापडतात. उगाच धाक लागायचं प्रमाण हजारात एक इतकं कमी.

मग ही पक्की म्हणायची का? तरीही नाही. ही बारीक भोकांची चाळणी, पण चाळणीच. आपण गटातल्या बायका, हिशेबानंच समजून घेऊ. समजा, पंचविशीच्या दहा हजार बायकांनी ही तपासणी केली. त्यात दहा जणींच्या बाळांना खरोखर डाऊन सिंड्रोम आहे. तपासणी त्या दहाही सापडवते. पण हजारात एक या हिशेबानं दहा हजारांत आणखी दहा जणींना उगाच "हाय रिस्क" येतं. म्हणजे वीस जणींच्या हातात लाल कागद, आणि त्यातल्या दहा जणींचं बाळ ठीक. अर्ध्याला अर्धं! आता चाळिशीच्या दहा हजार बायका घ्या. त्यांत शंभर जणींच्या बाळांना खरा त्रास, उगाच धाक लागलेल्या दहाच. इथे कागद बहुतेक खरा निघतो. कागद तोच, यंत्र तेच, पण वयाप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो.

चूक का होते, तेही सांगते. ते तुकडे मुख्यतः वारेतले असतात, थेट बाळाच्या अंगातले नव्हे. कधी वारेत दोष असतो आणि बाळात नसतो. कधी बाईचं वजन जास्त असेल किंवा रक्त फार लवकर घेतलं असेल, तर तुकडे कमी पडतात आणि काहीच उत्तर येत नाही. जुळी असतील तर डॉक्टरांना आधीच सांगावं लागतं.

म्हणून दुसरी पायरी, निवडायची. तिला आपल्याकडे पाण्याची तपासणी म्हणतात. साधारण १६ आठवड्यांनंतर, सोनोग्राफीत बघत बघत, बारीक सुईनं बाळाभोवतीचं थोडं पाणी काढतात आणि त्यातल्या पेशींची गुणसूत्रं बघतात. हे उत्तर पक्कं. यात गर्भ पडायचा थोडा धोका असतो, अनुभवी हातांत तो शंभरात एकापेक्षाही कमी. धोका थोडा का होईना, आहे. म्हणूनच आधी चाळायचं आणि गरज असेल तिचीच पाण्याची तपासणी करायची.

आता दुसऱ्या कर्जाची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर दुसऱ्या एका गटाची बैठक होती. तिथल्या एका सभासद बाईला मी वहिनी म्हणते. वय सदतीस, मोठी मुलगी नववीत, आणि चौदा वर्षांनी पुन्हा दिवस गेलेले. वहिनींनी पंधरा हजार मागितले. कारण विचारलं तर म्हणाल्या, "रक्त तपासायला."

बैठकीत एकदम शांतता. मग एक काकू म्हणाल्या, "पहिली मुलगी आहे ना हिला? कळलं कसलं रक्त ते. आपल्या बचतीच्या पैशानं असलं काम नको."

काकूंचा राग चुकीचा नव्हता. पाण्याच्या तपासणीचं नाव आपल्या महाराष्ट्रात मुलींच्या जिवावर उठून बदनाम झालेलं आहे. याच कारणानं देशात सगळ्यात आधी महाराष्ट्रानं १९८८ साली कायदा केला. मग १९९४ साली देशाचा कायदा आला. त्या कायद्यानं मुलगा की मुलगी हे शब्दानं, खुणेनं, कशानंही सांगायला बंदी आहे. एनआयपीटीच्या कागदावरही ते छापायचं नसतं. कुणी दलाल म्हणाला, "वरचे पैसे द्या, रक्तावरून सांगतो," तर तो गुन्हा आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करता येते. पण त्याच कायद्यात हेही लिहिलं आहे की गुणसूत्रांचे दोष बघायला या तपासण्या करता येतात. आणि बाईला तिच्या भाषेत सगळं समजावून, तिची लेखी संमती घेऊन, तिची प्रत तिला द्यावी लागते. म्हणजे न समजता अंगठा द्यायचा नाही, हा आपला हक्कच आहे.

वहिनींनी पिशवीतून कागद काढला. डबल मार्करचा आकडा १४० ला १. तेरावा आठवडा चालू. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले होते, एनआयपीटी करा किंवा थेट पाण्याची तपासणी. घरात मात्र तिसराच रस्ता निघाला होता. सासूबाई म्हणत होत्या, "या वयात कशाला, मोकळी हो." दादा, म्हणजे त्यांचे मालक, गप्प होते.

या वेळी मी गप्प बसले नाही. गहू चाळायची गोष्ट मी पहिल्यांदा त्या बैठकीत सांगितली. १४० दाणे मोजून ताटात ठेवले आणि त्यातला एक बाजूला काढला. वहिनी त्या १३९ दाण्यांकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाळ ठेवायचं की नाही ते मी मागून ठरवीन. पण खरं काय ते मला आधी कळू द्या."

सगळ्यात आधी काकूच म्हणाल्या, "द्या हिला पैसे." कर्जवहीत मी कारण स्पष्ट लिहिलं, "गरोदरपणातली तपासणी". "आजारपण" लिहिलं नाही.

मग आम्ही आठवड्यांचा हिशेब मांडला, कारण या कामात पैशाइतकाच वेळही मोलाचा. चौदाव्या आठवड्यात रक्त दिलं तर दीड-दोन आठवड्यांत उत्तर, म्हणजे सोळावा. पाण्याची तपासणी लागली तर सोळा-सतरामध्ये नागपूर, आणि तिचं उत्तर दोन-तीन आठवड्यांनी. एकोणीस-वीसपर्यंत सगळं कळतं. कायदाही माहीत असावा. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली बदल झाला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. बाळात मोठा दोष असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं. त्यानंतर मोठा दोष असेल तरच, आणि तोही वैद्यकीय मंडळानं ठरवला तर. आणि अठरा वर्षांवरच्या बाईच्या बाबतीत संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच. घरच्यांशी बोलावं, सल्ला घ्यावा. पण तिला ढकलत नेणं हा सल्ला नव्हे.

त्या दोन आठवड्यांत आम्ही आणखी एक काम केलं. माझ्या माहेरी डाऊन सिंड्रोम असलेला एक मुलगा आहे, आता एकोणीस वर्षांचा. वडिलांच्या किराणा दुकानात पुड्या बांधतो, गिऱ्हाइकाला नावानं हाक मारतो, पैशाचा हिशेब मात्र त्याला जमत नाही. लहानपणी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयाचा दोष असतो, आणि बऱ्याचदा तो दुरुस्त होतो. वहिनी आणि दादा त्याच्या आईला भेटून आले. त्या माऊलीनं काही लपवलं नाही. चालायला उशीर, बोलायला उशीर, लोकांचं बोलणं, "माझ्यामागे याचं कोण" ही काळजी, सगळं सांगितलं. आणि तो रोज संध्याकाळी तिच्या पायाला तेल लावतो, हेही सांगितलं. परत येताना दादा पहिल्यांदा बोलले, "काय येईल ते येवो, दोघं मिळून ठरवू."

उत्तर आलं, जोखीम कमी. वहिनी रडल्या, काकूही रडल्या. पण डॉक्टरीणबाईंनी लगेच बजावलं, की एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. एनआयपीटी सगळं बघत नाही. बाळाचं हृदय, पाठीचा कणा, ओठ-टाळू नीट आहेत का, ते १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत बघतात. ती चुकवायची नाही. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, तो नेहमीच्या एनआयपीटीत कळत नाही. त्यासाठी नवरा-बायको दोघांचं रक्त वेगळं तपासावं लागतं, खरं तर लग्नाआधीच.

वैशाखात वहिनी बाळंत झाल्या. मुलगा झाला की मुलगी, हे मी मुद्दामच सांगत नाही. बाळ आणि आई दोघं बरे आहेत. कर्ज दहा हप्त्यांत फिटलं.

मैत्रिणींनो, मी सगळ्यांनी ही तपासणी करा असं म्हणत नाही. महाग आहे, दहा हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्तही पैसे लागतात. काहीजणी म्हणतील, आम्हाला आधी कळायलाच नको, जे येईल ते आमचं. तोही मान ठेवायचा निर्णय आहे. पण तुमच्यापैकी कुणाला डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, तर चार प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. ही तपासणी चाळणीची की पक्की? माझा आकडा किती, कितीत एक? उत्तर येईल तेव्हा मला कितवा आठवडा असेल? आणि जोखीम जास्त आली तर पुढची तपासणी कुठे, किती पैशांत, सरकारी दवाखान्यात होते का? प्रश्न विचारायला लाज वाटत असेल तर आशाताईला सोबत न्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथेही विचारा. पण मुळात नाव लवकर नोंदवा, तिसरा महिना संपायच्या आत. उशिरा गेलं तर विचार करायला वेळच उरत नाही.

आणि ज्यांच्या घरी असं वेगळं बाळ आहे, त्यांनी जिल्हा रुग्णालयात जाऊन त्याची तपासणी करून घ्या, दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या. २०१६ च्या कायद्यानं त्याला शिक्षणाचा हक्क आहे. त्याला वेडा म्हणणाऱ्याला गटानं मिळून थांबवायचं.

त्या पहिल्या मुलीला मी अजून भेटते. मागच्या महिन्यात तिनं मला विचारलं, "ताई, तुम्ही हे सगळं आधी का नाही सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आज रेडिओवर आले. पुढच्या बैठकीत, हप्ते गोळा करून झाले की, पाच मिनिटं काढा आणि ताटात मूठभर गहू घेऊन हे एकमेकींना सांगा. कुणाच्या घरात असा कागद कधी येईल, काय सांगावं.